खडबडीत रस्त्यावर एबीएस का सोडतं: शॉक बदलल्यानंतरची नोंद

खडबडीत रस्त्यावर एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाक लॉक, म्हणजे जाम, होऊ न देणारी यंत्रणा) क्षणभर ब्रेक सोडतं, त्यासाठी गाडीचे पुढचे दोन्ही शॉक (चाकाची उसळी आवरणारे शॉक ॲब्सॉर्बर) बदलून झाले आणि फरक पडला. त्रास मुळापासून गेला असं म्हणणार नाही, पण शेजारी बसलेल्याला न सांगता कळावा इतपत फरक आहे. सेन्सर, वायरिंग आणि टायर यांच्यात संशय घ्यावा असं काही सापडलं नाही, इथवर मागची नोंद आली होती. आता त्यापुढचं.

तक्रार अशी. सपाट डांबरावर करकचून ब्रेक मारला तर गाडी शहाण्यासारखी वागते. पेडल थरथरतं, पंपाची घरघर ऐकू येते, गाडी सरळ रेषेत थांबते. पण रस्त्याला आडव्या बारीक लाटा पडलेल्या असतील, पन्हाळी पत्र्याला असतात तशा, आणि त्यावर मध्यम जोराचा ब्रेक चालू असेल, तर क्षणभर ब्रेक गेल्यासारखा वाटतो. पेडल खाली बसत नाही. उलट ते कडक होऊन पायाला ठोसे देतं, आणि गाडी मात्र पुढे निसटते. लाटा संपल्या की ब्रेक परत पकडतो. डॅशबोर्डवर दिवा नाही, स्कॅनरमध्ये कोड नाही. गॅरेजमध्ये सांगितलं की उत्तर ठरलेलं: ‘एबीएस आहे, असंच असतं.’ हे अर्धं खरं आहे, म्हणून तर जास्त चीड येते.

एबीएसच्या कंट्रोलरला रस्ता दिसत नाही, हे आधी लक्षात घ्यायला हवं. त्याच्याकडे चार चाकांचा वेग येतो, बस. त्या चार आकड्यांवरून तो गाडीच्या खऱ्या वेगाचा अंदाज बांधतो आणि कुठलं चाक त्या अंदाजाच्या किती मागे पडतंय ते पाहतो. कोरड्या डांबरावर टायरची पकड साधारण १० ते २० टक्के घसरणीच्या, म्हणजे चाक गाडीच्या वेगाच्या तेवढं मागे असण्याच्या, आसपास सर्वांत जास्त असते, त्यामुळे चाक तिथेच कुठेतरी ठेवायचा त्याचा प्रयत्न असतो. चाक फारच झपाट्याने मंदावलं की आधी इनलेट झडप बंद करून दाब थोपवायचा, तेवढ्याने भागलं नाही तर आउटलेट झडप उघडून दाब सोडायचा, चाकाने वेग घेतला की पुन्हा दाब भरायचा. हे सगळं सेकंदात अनेकदा चालतं.

आता लाटेच्या माथ्यावरून निसटलेलं चाक डोळ्यांसमोर आणा. ते हवेत गेलं असेल, किंवा नुसतं हलकं झालं असेल. त्याला फिरत ठेवणारा रस्ता सुटला आणि पॅडची पकड तशीच राहिली. चाकाचं स्वतःचं जडत्व गाडीच्या मानाने नगण्य, त्यामुळे ब्रेक नीट दाबलेला असला तर असं चाक सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आत थांबू शकतं. कंट्रोलरला हे चाक बर्फावर गेलं की हवेत, हे कसं कळणार? त्याच्या लेखी दोन्ही सारखंच: चाक लॉक होतंय, दाब सोडा. दाब सोडेपर्यंत चाक परत जमिनीवर आपटलेलं असतं. आता त्याच्यावर भरपूर भार आहे, पकडही उत्तम आहे, फक्त कॅलिपरमध्ये (पॅड दाबून धरणाऱ्या भागात) दाब नाही. दाब टप्प्याटप्प्याने वाढतो, आणि तो भरत येईस्तोवर पुढची लाट येते. म्हणजे चाक जड असताना ब्रेक हलका आणि चाक हलकं असताना ब्रेक जड. ताशी ४० किमीला गाडी सेकंदात ११ मीटर जाते. असं दोन-तीन दशांश सेकंद चाललं तरी दोन-तीन मीटर गेले.

मला सगळ्यात मजा आली ती वेगाच्या हिशोबात. आमच्या चाचणीच्या पट्ट्यावर टेप धरून लाटांमधलं अंतर मोजलं. ते पाऊण मीटरच्या आसपास भरलं. ताशी ४० ला म्हणजे सेकंदाला साधारण १५ धक्के. सस्पेन्शनवर चाक स्वतः ज्या लयीत नाचतं ती बहुतेक कारमध्ये सेकंदाला १० ते १५ च्या घरात असते. दोन्ही जुळले की चाक प्रत्येक धक्क्यागणिक जास्त उसळतं. ताशी २५ ला तेच धक्के नऊवर येतात, ६० ला २२ वर जातात, आणि दोन्हीकडे निसटणं कमी जाणवतं. ‘हळू गेलं तरी होतं, जोरात गेलं की होत नाही’ असं सांगणाऱ्याला आपण हसतो, पण त्याची लाट आणि त्याचं चाक जुळत असेल तर तो खरं सांगत असतो. अर्थात यावरून लाटांवर वेग वाढवून ब्रेक मारण्याचा निष्कर्ष कुणी काढू नये.

मोजणीबद्दल. स्कॅनरवर चारही चाकांचे वेग दिसतात, पण बहुतेक स्वस्त स्कॅनर ते सेकंदाला मोजकेच वेळा ताजे करतात. सेकंदाला पंधरा वेळा घडणारी गोष्ट त्यात सापडणार नाही. सापडलीच तर भलत्याच रूपात सापडेल. शिवाय बरेचसे स्वस्त रीडर फक्त इंजिनशी बोलतात, एबीएस मॉड्यूलपर्यंत पोहोचतच नाहीत, हे विकत घेण्याआधी बघा. गाडी प्रत्यक्षात किती मंदावते हे पाहायला मोबाइलमधला ॲक्सिलरोमीटर पुरला. फोन मात्र स्क्रूने आवळलेल्या ब्रॅकेटमध्ये हवा. काचेला चिकटवलेला होल्डर स्वतःच नाचतो आणि आलेख त्याचाच निघतो. रिकामा, बंदिस्त पट्टा, शेजारी एक माणूस, आणि प्रत्येक वेळी वेग तोच. जुन्या शॉकवर लाटांमधला मंदन सपाट डांबरावरच्या निम्म्याच्याही खाली जात होता. आलेखात दातेरी दरी दिसायची.

टायरची हवा आधीच तपासून झाली होती. स्टिकरवरच्या ३२ पीएसआयवर आणि मुद्दाम वाढवलेल्या ३६ वर, दोन्ही करून पाहिलं. ३६ वर उसळी स्पष्ट वाढते. ३२ च्या खाली जाण्यात अर्थ नाही.

शॉकवर माझा संशय उशिरा का गेला त्याला कारण आहे. बॉनेटचा कोपरा दाबून सोडायचा आणि गाडी किती झुलते ते बघायचं, ही परीक्षा जुने शॉक आरामात पास होत होते. पण त्या परीक्षेत बॉडी हलते, सेकंदाला एक-दीड वेळा. चाक सेकंदाला दहा-पंधरा वेळा हलतं तेव्हा शॉकचा दांडा कितीतरी जास्त वेगाने आत-बाहेर होतो आणि तिथे झडपांचं काम वेगळं असतं. पहिल्या परीक्षेत पास झालेला शॉक दुसरीत साफ नापास होऊ शकतो. त्यात लाटांवर बराच वेळ चाललं की साध्या शॉकमधल्या तेलाला फेस येतो आणि उरलासुरला अटकावही जातो. गॅस भरलेल्या शॉकमध्ये हा फेस कमी होतो, म्हणून या खेपेला तेच घेतले. सोबत वरची माउंट आणि बम्प स्टॉप नवे टाकले, अलाइनमेंट करून घेतलं. जुने काढल्यावर एकाच्या दांड्यावर तेलाचा पातळ थर होता. दुसरा बाहेरून कोरडा ठणठणीत होता आणि हाताने दाबल्यावर मधेच चक्क मोकळा जात होता.

आता त्याच पट्ट्यावर दरी उथळ झाली आहे. एबीएस अजूनही लागतं, लागायलाच हवं, पण गाडी ‘पळत’ नाही.

काही जण एका वेगळ्याच दुखण्यालाही ‘एबीएस सोडतं’ असंच म्हणतात, ते वेगळं काढतो. रस्ता सपाट, ब्रेक हलका, गाडी थांबण्याच्या बेतात, ताशी ५-१० किमी, आणि अचानक पेडलला कुरकुर. याचा खड्ड्यांशी संबंध नाही. इथे बहुधा एका चाकाचा सेन्सर खोटं सांगतो. जुन्या पद्धतीचा पॅसिव्ह सेन्सर चुंबक आणि वेटोळ्याचा असतो, दातेरी रिंग जितकी हळू फिरेल तितका त्याचा सिग्नल दुबळा. सेन्सरच्या बैठकीखाली गंज धरला की तो रिंगपासून किंचित दूर सरकतो आणि कमी वेगाला सिग्नल तुटतो. रिंगला तडा गेला असेल तर प्रत्येक फेरीत एक दात चुकतो. कंट्रोलरला वाटतं चाक लॉक झालं. स्कॅनरवर हे मात्र सापडतं: गाडी सावकाश थांबवत आणा, तीन चाकं ८, ७, ६ करत उतरतील आणि एक मधेच शून्यावर पडेल. नव्या ॲक्टिव्ह सेन्सरच्या गाड्यांत रिंगऐवजी बेअरिंगच्या सीलमध्येच चुंबकी पट्टी असते. तिथे बेअरिंग बदलताना उलट्या बाजूने बसवलं गेलं की सेन्सरसमोर पट्टीच येत नाही. बेअरिंग बदलल्यानंतर लगेच एबीएसचा दिवा लागला तर आधी हे विचारा.

हायब्रिड आणि इलेक्ट्रिक गाड्यांत आणखी एक पदर आहे. हलक्या ब्रेकला मोटारच गाडी मंदावत असते. चाक घसरल्याची शंका येताच ते काम हायड्रॉलिक ब्रेककडे सोपवलं जातं, आणि त्या हस्तांतरात फट राहिली तर खड्ड्यावर तोच निसटण्याचा अनुभव येतो. टोयोटाने २०१० च्या फेब्रुवारीत प्रियस आणि इतर काही हायब्रिड मिळून जगभरातल्या ४ लाखांहून अधिक गाड्या परत बोलावल्या त्या नेमक्या यासाठी: खडबडीत किंवा निसरड्या रस्त्यावर सावकाश ब्रेक दाबलेला असताना एबीएस लागलं की पेडलची जाणीव बदलत होती. उपाय होता एबीएसचं सॉफ्टवेअर बदलणं. तेव्हा तुमची गाडी हायब्रिड असेल तर शॉककडे वळण्याआधी सॉफ्टवेअरची एखादी सुधारणा बाकी आहे का ते सर्व्हिस सेंटरला विचारा.

आणि ‘फ्यूज काढून एबीएस बंदच करून टाका’ या सल्ल्याबद्दल. तो इतक्या आत्मविश्वासाने दिला जातो की उत्तर द्यावंच लागतं. सैल खडीवर एबीएसने अंतर वाढतं, हे खरंच आहे. लॉक झालेलं चाक पुढे खडीचा ढीग साठवतं आणि तो ढीग गाडी अडवतो, फिरतं चाक त्यावरून निघून जातं. अमेरिकेच्या रस्ते सुरक्षा संस्थेच्या १९९९ च्या चाचण्यांत सैल खडीवर थांबण्याचं अंतर सरासरी २७ टक्क्यांनी वाढलं होतं. पण त्याच चाचण्यांत इतर बहुतेक पृष्ठभागांवर जोरात ब्रेक मारल्यावर ते कमी झालं. शिवाय लॉक झालेल्या पुढच्या चाकांनी गाडी वळत नाही, आणि एबीएस मुळात आलं ते त्यासाठी. बॉश आणि मर्सिडीजने १९७८ मध्ये एस-क्लासवर ते आणलं, तेव्हाही ब्रेक दाबलेला असताना स्टिअरिंग हातात राहणं हाच मोठा गुण होता. आजच्या बऱ्याच गाड्यांत मागच्या चाकांचा दाब आवरणारी वेगळी यांत्रिक झडप नसते. ते काम ईबीडी (पुढच्या-मागच्या चाकांत ब्रेकचा दाब वाटणारी यंत्रणा) करतं, आणि ईबीडी राहतं एबीएसच्याच मॉड्यूलमध्ये. फ्यूज काढला की ईएससीही (गाडी भरकटू लागली तर सावरणारी यंत्रणा) गेलं. मग ओल्या उतारावर मागची चाकं आधी लॉक झाली तर गाडी गोल फिरते. खडीवरचे चार मीटर वाचवायला हा सौदा मी करणार नाही. काही फोर-व्हील-ड्राइव्ह गाड्यांत ऑफ-रोड मोड लावला की एबीएस स्वतःच चाकाला थोडा वेळ लॉक होऊ देतं. तो मोड असेल तर खुशाल वापरा.

चालवण्यात मी एवढंच बदललं आहे. लाटांचा पट्टा दिसला की त्याच्या आधी, सपाट भागावर, वेग उतरवतो, आणि पट्ट्यावर ब्रेक हलका ठेवतो किंवा सोडतो. दाबायची वेळ आलीच तर एकदम न मारता पाव सेकंदात वाढवत नेतो. भार पुढच्या टायरवर आला की ती चाकं उसळायला जरा नाखूश होतात. खरी आणीबाणी आली तर यातलं काहीही आठवायचं नाही: पेडल पूर्ण दाबून धरायचं, पंप करायचं नाही, गाडी पळाल्यासारखी वाटली तरी पाय उचलायचा नाही.

पुढचं काम मागच्या बाजूचं. बऱ्याच गाड्यांत मागची दोन्ही चाकं एकत्र सांभाळली जातात, जे चाक जास्त घसरतं त्याच्या हिशोबाने दोघांचा दाब ठरतो. त्यामुळे मागचा एकच शॉक मेलेला असला तरी दोन्ही मागच्या ब्रेकना तो भोवतो. त्यानंतर हलक्या रिमचा प्रयोग, कारण उसळणारं वजन जितकं कमी तितकं चाक लवकर खाली येतं. एका स्नेह्याकडे एक इंच लहान रिम आणि त्याला जुळणारे जास्त उंच बाजूचे टायर आहेत, बाहेरचा व्यास जवळपास तोच. ते चढवून त्याच पट्ट्यावर आलेख काढतो आणि दोन्ही आलेख शेजारी ठेवून पुढच्या नोंदीत देतो.