चिपळूणहून पुण्याला आयव्हीएफसाठी: पॅकेज, घाट आणि बीटाचा वृत्तांत

पुण्यातील ज्या केंद्रात आम्ही उपचार घेतले, तेथे पहिल्याच भेटीत ‘संपूर्ण आयव्हीएफ पॅकेज’ (स्त्रीबीज प्रयोगशाळेत फलित करून तयार झालेला गर्भ गर्भाशयात सोडण्याचे उपचार) एक लाख चाळीस हजार रुपयांचे असल्याचा छापील कागद आमच्या हातात ठेवण्यात आला होता, आणि शेवटची पावती जोडून बेरीज केली तेव्हा ती या रकमेच्या जवळजवळ अडीचपट भरली. उपचारांना यश आले, मला आता चौथा महिना लागला आहे आणि डॉक्टरांच्या हाताबद्दल माझी कसलीही तक्रार नाही. परंतु कोकणातून घाट चढून जाणाऱ्या पुढच्या जोडप्याला हा आकडा पाहून घराचे हिशेब मांडावे लागू नयेत, म्हणून हे लिहीत आहे. एएमएच (अंडाशयातील बीजांचा साठा दाखवणारी रक्ततपासणी), वीर्यतपासणी, गर्भनलिकांची तपासणी आणि आययूआय (वीर्य थेट गर्भाशयात सोडण्याचा उपचार) हे सारे तुमचे उरकले आहे, फोलिक ॲसिड सुरू आहे आणि दोघांच्याही कामाच्या ठिकाणी रजेची तजवीज झाली आहे, असे मी धरून चालते.

त्या रकमेत स्त्रीबीजे काढण्याची प्रक्रिया, प्रयोगशाळेचे मूळ शुल्क आणि गर्भ गर्भाशयात सोडण्याची एक प्रक्रिया एवढेच होते. इंजेक्शने, भूलतज्ज्ञांचे मानधन, इक्सी (एकच शुक्राणू थेट बीजात टोचून फलित करणे), गर्भ पाचव्या दिवसापर्यंत वाढवणे, तो गोठवणे आणि गोठवून ठेवल्याचे वार्षिक भाडे हे सगळे वेगळे. सर्वांत मोठा धक्का पुढेच होता. इंजेक्शनांना माझ्या अंडाशयांनी जोराचा प्रतिसाद दिला, हार्मोनची पातळी फार वाढली, आणि त्याच महिन्यात गर्भ सोडल्यास पोटात पाणी साठून प्रकृती गंभीर होण्याचा धोका असल्यामुळे डॉक्टरांनी सर्व गर्भ गोठवण्याचा निर्णय घेतला. वैद्यकीयदृष्ट्या तो योग्यच होता. मात्र पॅकेजमधील ‘गर्भ सोडणे’ फक्त ताज्या गर्भापुरते असून गोठवलेल्या गर्भासाठी नव्याने शुल्क भरावे लागेल, हे आम्हाला त्यानंतर काउंटरवर कळले. जे केलेच नाही त्याचे पैसे परत नाहीत आणि जे करायचे आहे त्याचे पुन्हा द्यायचे, हा व्यवहार मला आजही पटलेला नाही. सर्व गर्भ गोठवण्याची वेळ आज अनेक जोडप्यांवर येते, त्यामुळे हा प्रश्न पहिल्याच दिवशी विचारा आणि उत्तर लेखी घ्या.

इंजेक्शनांबद्दल अधिक सविस्तर लिहिते, कारण खरी गळती तेथेच आहे. पाळीच्या दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवसापासून साधारण आठ ते बारा दिवस ती रोज घ्यावी लागतात, आणि मात्रा वय, एएमएच व सोनोग्राफीत दिसणारी बीजकोशांची वाढ पाहून ठरते, त्यामुळे अखेरचा आकडा आधी सांगता येत नाही हे मान्य आहे. पण रोजची अंदाजे मात्रा, एका कुपीची किंमत आणि कमीत कमी व जास्तीत जास्त दिवस एवढे सांगितले तर गुणाकार कोणीही करू शकतो. तो आम्हाला करू दिला गेला नाही. रोज तळमजल्यावरील औषधांच्या खिडकीतून छापील किमतीला कुप्या घ्यायच्या आणि वर जाऊन टोचून घ्यायच्या, असा क्रम होता. एका संध्याकाळी त्या खिडकीतील साठा संपला आणि माझा नवरा चिठ्ठी घेऊन बाहेरच्या मोठ्या औषधांच्या दुकानात गेला. तीच कंपनी, तेच औषध, तीच मात्रा, आणि किंमत निम्म्याहूनही कमी. दोन्ही पावत्या त्याने जेवणाच्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या, तेव्हा कितीतरी वेळ आम्ही एकमेकांशी काही बोललो नाही. दुसऱ्या दिवशी विचारणा केली असता बाहेरच्या औषधांची जबाबदारी केंद्र घेत नाही, असे उत्तर मिळाले.

माझे मत स्पष्ट आहे: औषधाचे मूळ नाव व मात्रा लिहिलेली चिठ्ठी मागून घ्या, शीतकपाट असलेल्या परवानाधारक दुकानातून बॅच क्रमांकासह पक्क्या बिलावर औषध घ्या, आणि खोके जपून ठेवा म्हणजे कोणी शंका काढल्यास दाखवता येईल. ज्या औषधांना २ ते ८ अंश तापमान लागते ती बर्फाच्या पिशवीला थेट चिकटू देऊ नका. गोठलेले औषध तापलेल्या औषधाइतकेच निकामी असते. पावसाळ्यात आपल्याकडे वीज किती वेळ जाईल याचा नेम नसतो, त्यामुळे चिपळूणच्या घरी फ्रीजच्या भरवशावर साठा करू नये.

कायदा याबाबतीत आपल्या बाजूने आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असते. सहायक प्रजनन तंत्रज्ञानाविषयीचा २०२१ चा कायदा २५ जानेवारी २०२२ पासून लागू आहे. उपचारांचे फायदे, तोटे, धोके आणि खर्च यांची माहिती जोडप्याला देणे, तक्रार निवारणाची सोय ठेवणे आणि शेवटी केलेल्या प्रक्रियेचा तपशील असलेले प्रमाणपत्र देणे त्याने केंद्रावर बंधनकारक केले आहे. केंद्राची नोंदणी आहे ना, हे पहिल्या भेटीतच पाहून घ्या. आरोग्य विम्याची आशा मात्र बाळगू नये; विमा नियामकाच्या प्रमाणित अपवादांच्या यादीत वंध्यत्व हा स्वतंत्र अपवाद आहे आणि बहुतेक पॉलिसींमध्ये तो जसाच्या तसा आढळतो. गोव्यात राहणाऱ्यांनी खासगी केंद्राची पायरी चढण्यापूर्वी बांबोळीच्या वैद्यकीय महाविद्यालयात चौकशी करावी, कारण तेथे २०२३ पासून हे उपचार मोफत सुरू झाले आहेत.

प्रक्रियेच्या दिवशी गाऊन घालून बसलेले असताना समोर येणाऱ्या जोडसेवांच्या अर्जावर सही करू नका. लेझरने गर्भाचे कवच पातळ करणे, प्रतिकारशक्तीसाठी सलाइनमधून द्यायची औषधे, अशी नावे तेथे असतात. ब्रिटनमधील एचएफईए या नियामक संस्थेने अशा सेवांना पुराव्यानुसार श्रेणी दिल्या आहेत, आणि त्यांपैकी बहुतेकांमुळे मूल होण्याची शक्यता वाढते असे म्हणण्याइतका भक्कम पुरावा नाही. वीर्यतपासणी उत्तम असेल तर इक्सी कशासाठी, हेही निःसंकोच विचारा.

आता रस्त्याचे. चिपळूणहून कुंभार्ली घाट, कोयनानगर, पाटण, मल्हारपेठ, उंब्रज आणि मग महामार्गाने सातारा व खंबाटकी असा आमचा मार्ग होता. रस्ता मोकळा असताना हा प्रवास सहन होतो. पावसाळ्यात धुके, दरड आणि खड्डे यांपैकी एक तरी गोष्ट वाट अडवते, आणि या उपचारांत वेळ चुकवून चालत नाही. इंजेक्शने सुरू झाल्यावर दर दोन-तीन दिवसांनी सोनोग्राफी असते. मधल्या दिवसांत घरी परतण्याचा मोह होतो, पण फुगलेले पोट आणि घाटातील वळणे यांचा मेळ बसत नाही, म्हणून पुण्यात स्वयंपाकघर असलेली खोली भाड्याने घ्यावी. नातेवाइकांकडे राहिल्यास भाडे वाचते, पण रोज संध्याकाळी ‘काय म्हणाले डॉक्टर?’ या प्रश्नाला उत्तर द्यावे लागते, आणि काही दिवशी ते देण्याचे बळ नसते.

ट्रिगरच्या, म्हणजे बीजे पक्व करणाऱ्या शेवटच्या इंजेक्शनापासून बीजे काढेपर्यंत तर घाटाच्या अलीकडे, चिपळूणच्या बाजूला थांबूच नये. हे इंजेक्शन रात्री ठरावीक मिनिटाला द्यायचे असते आणि त्यानंतर साधारण ३४ ते ३६ तासांनी बीजे काढली जातात. दरड कोसळून ही वेळ हुकली तर बीजे आपोआप बाहेर पडून सारी मेहनत व सारे पैसे वाया जातात. प्रक्रिया स्वतः भुलेखाली थोड्या वेळात उरकते. नंतरच्या दिवसांत पोट झपाट्याने फुगणे, वजन वाढणे, धाप लागणे किंवा लघवी कमी होणे यांपैकी काहीही दिसले तर सकाळची वाट न पाहता केंद्राला फोन करावा.

त्यानंतर येणाऱ्या प्रयोगशाळेच्या फोनसाठी मात्र आमची कोणी तयारी करून घेतली नव्हती. माझी चौदा बीजे मिळाली म्हणून सासूबाईंनी देवापुढे साखर ठेवली. त्यांपैकी दहा पक्व निघाली, सात फलित झाली आणि पाचव्या दिवशी गोठवण्याजोगे दोनच गर्भ उरले. प्रत्येक टप्प्यावर संख्या घटणे हे या उपचारांत नेहमीचेच आहे. हे एक वाक्य आम्हाला आधी कोणी सांगितले असते, तर ते फोन ऐकताना हात थरथरले नसते. पहिल्या आकड्यावर कोणालाही काही कळवू नका.

गर्भ सोडण्यापूर्वीचा महिना गोळ्या आणि गर्भाशयाच्या अस्तराची जाडी मोजण्यात शांतपणे गेला, त्याविषयी लिहिण्यासारखे काही नाही. गर्भ सोडण्याला भूल लागत नाही, मूत्राशय भरलेले ठेवावे लागते, आणि पडद्यावर एक पांढरा ठिपका क्षणभर दिसतो. त्यानंतर अंथरुणाला खिळून राहिल्याने गर्भ रुजण्याची शक्यता वाढत नाही, हे अभ्यासांतून दिसून आले आहे; आमच्या डॉक्टरांनीही तेच सांगितले. तरी त्या रात्री आम्ही पुण्यातच राहिलो, कारण घाटात मला उलट्या होतात.

घरी परतल्यावर प्रोजेस्टेरॉन या गर्भ टिकवण्यास मदत करणाऱ्या हार्मोनची कमरेतील इंजेक्शने सुरू राहिली. हे औषध तेलात असते आणि मधासारखे जाड असते. आमच्या आळीतील सिस्टर कुपी आधी तळहातांत घोळवून कोमट करीत, मोठ्या सुईने औषध ओढून घेत, मग दुसरी सुई लावून अगदी सावकाश देत आणि जागा रोज बदलत. एवढे करूनही गाठी आल्याच, आणि एका कुशीवर झोपणे अशक्य झाले. गावात रोज येणारी अशी व्यक्ती आधी ठरवून ठेवा. दवाखान्याच्या वेळा सणासुदीला सांभाळत नाहीत.

बीटा एचसीजीची, म्हणजे गर्भधारणा झाली का हे सांगणाऱ्या रक्तातील हार्मोनची तपासणी गर्भ सोडल्यानंतर साधारण दोन आठवड्यांच्या आत होते. चिपळूणमध्ये आम्ही दिलेला नमुना बाहेर पाठवला गेला आणि अहवाल दुसऱ्या दिवशी आला. अहवाल सकारात्मक होता. ४८ तासांनी पुन्हा रक्त दिले, तेव्हा आकडा वाढला होता पण दुप्पट झाला नव्हता. ‘दुप्पट व्हायलाच हवा’ असे आम्हाला भेटलेल्या प्रत्येकाने सांगितले होते, त्यामुळे आम्ही दोघांनी ती रात्र रडून काढली. सुरुवातीचा आकडा १५०० पेक्षा कमी असेल तर ४८ तासांत जवळजवळ निम्म्याने वाढही निरोगी गर्भधारणेत बसते, हे सकाळी डॉक्टरांकडून कळले. दोन्ही वेळा प्रयोगशाळा एकच ठेवा, कारण प्रत्येकीची मोजण्याची पद्धत निराळी असल्याने आकड्यांची तुलना होऊ शकत नाही. आणि आकडा चांगला वाढत असला तरी गर्भ नलिकेत रुजलेला नाही याची खात्री सोनोग्राफीशिवाय होत नाही. एका बाजूला तीव्र कळ, खांद्यात दुखणे किंवा चक्कर आल्यास पुण्याचा रस्ता धरू नये. गावातील शस्त्रक्रियेची सोय असलेले रुग्णालय गाठावे.

सहाव्या आठवड्याच्या सोनोग्राफीत पिशवी दिसली, गर्भ दिसला, ठोके दिसले नाहीत. सोनोग्राफी करणाऱ्या बाईंनी ‘पुढच्या आठवड्यात बघू’ एवढेच म्हटले आणि पडदा फिरवला. गर्भाची लांबी ७ मिलिमीटरपेक्षा कमी असताना ठोके न दिसण्यावरून कोणताही निष्कर्ष काढायचा नसतो, हा नियम त्यांनी तेवढ्याच सेकंदांत सांगितला असता तर आमचा एक आठवडा नरकातून वाचला असता. त्या आठवड्यात मला थोडा रक्तस्रावही झाला. पुढच्या वेळी मात्र पडद्यावर बारीकशी धडधड स्पष्ट दिसली, आणि माझा नवरा, जो कधी कोणासमोर रडत नाही, तो सोनोग्राफीच्या खोलीत माझा हात धरून रडला. हे लिहितानाही मला तो आनंद आवरत नाही, आणि त्या आनंदाच्या भरात मी म्हणेन की पुन्हा करायचे झाले तर करीन. पण त्या काउंटरवर पुन्हा पैसे भरणार नाही.

गर्भधारणेतील प्रत्येक सोनोग्राफीपूर्वी गर्भलिंगनिदानविरोधी कायद्यानुसार अर्ज भरून सही करावी लागते, त्यामुळे ओळखपत्र बरोबर ठेवा. प्रोजेस्टेरॉन स्वतःच्या मनाने बंद करू नका; नाळ ते काम हाती घेईपर्यंत ते लागते आणि थांबवण्याचा आठवडा डॉक्टर ठरवतात. एनटी सोनोग्राफी (गर्भाच्या मानेमागील द्रवाची जाडी मोजणारी) ११ आठवडे ते १३ आठवडे ६ दिवस याच काळात होते, तेव्हा तिची वेळ आधीच घेऊन ठेवा. गावातील प्रसूतितज्ज्ञांकडे जाताना केंद्राकडून गर्भ सोडल्याची तारीख आणि त्या दिवशीचे गर्भाचे वय लिहून घ्या. पाचव्या दिवसाचा गर्भ असेल, तर सोडल्याच्या दिवशी गर्भधारणा २ आठवडे ५ दिवसांची मोजतात. शेवटच्या पाळीवरून मोजल्यास अशा उपचारांत गफलत होऊ शकते.

आमचा एक गर्भ अजून पुण्यात गोठवलेला आहे. कायद्याने तो जास्तीत जास्त १० वर्षे ठेवता येतो आणि भाडे दर वर्षी भरावे लागते. पुढील वर्षांचा दर, तो वाढवण्याची कमाल मर्यादा आणि भाड्याची आठवण कोणत्या क्रमांकावर येणार, या तिन्ही गोष्टी आम्ही या वेळी सही करण्यापूर्वी लेखी मागितल्या. काउंटरवरील मुलीने वरिष्ठांना विचारून, शिक्का मारून ते पत्र दिले.