रात्रीच्या लाईटीत लागलेली सवय

मोबाईल फेकून द्या, असं सांगणाऱ्यांची केळी कापणीला आलेली नसावी. जळगाव जिल्ह्यात, चोपडा तालुक्यातल्या अडावद-धानोऱ्याच्या पट्ट्यात माझी बाग आहे आणि इकडे केळीचा जवळपास सगळा व्यवहार आता व्हॉट्सअ‍ॅपवर चालतो. बऱ्हाणपूरला काय भाव निघाला, रावेरला काय, नवती, पिलबाग, वापसी या केळीच्या प्रकारांना किती, उद्या गाडी लागणार की नाही, कापणीचे मजूर कोणाच्या शेतात अडकलेत, हतनूरच्या कालव्याला पाणी कधी सुटणार, सगळं तिथेच कळतं. घड तयार झाला की तो आपल्या सोयीने थांबत नाही. त्यामुळे मोबाईल सोडायचा हा प्रश्न माझ्यासाठी कधी नव्हताच. त्यातलं काय सोडायचं, एवढंच ठरवायचं होतं, आणि तेच अवघड निघालं.

सवय कशी लागली ते मला नीट सांगता येतं, कारण ती घरात लागली नाही, मळ्यात लागली. शेतीपंपाला थ्री फेज लाईट आठ तास मिळते, कधी दिवसाची, कधी रात्रीची. रात्रीची पाळी आली की जेवून मळ्यात जायचं, मोटार सुरू करायची आणि ठरावीक वेळाने ठिबकचे वॉल बदलत राहायचं. मधला वेळ खाटेवर. पूर्वी शेजारच्या बांधावरचा माणूस यायचा, चहा व्हायचा, गावातली भांडणं चघळली जायची. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं, नेट जवळजवळ फुकट झालं आणि वर्षभरात ज्याची त्याची खाट आणि ज्याचा त्याचा मोबाईल झाला. रात्री बांधावर उभं राहिलं की लांबवर मळ्यामळ्यात उजळलेले चेहरे तेवढे दिसायचे. जून २०२० मध्ये टिकटॉकवर बंदी आली तेव्हा आमच्या घरच्यांना वाटलं, सुटले! काही दिवसांतच इन्स्टाग्रामवर रील्स आली, मग यूट्यूबवर शॉर्ट्स. दुकान बदललं, गिऱ्हाईक तेच राहिलं.

वॉल बदलायला अर्धा तास आहे आणि रील अर्ध्या मिनिटाची आहे, म्हणजे एक पाहायला काय हरकत आहे? हरकत ही की ती एक कधीच नसते. पूर्वी इंटरनेटवर पान संपायचं आणि पुढचं पाहायला बटण दाबावं लागायचं. तेवढ्या क्षणात माणूस भानावर येऊ शकायचा. अझा रास्किन नावाच्या डिझायनरने २००६ मध्ये न संपणारं पान तयार केलं आणि तो क्षणच काढून टाकला. पुढे त्यानेच त्याबद्दल जाहीर खंत व्यक्त केली. माझ्या शेतात त्याचा परिणाम असा की एका प्लॉटला पाणी तुंबायचं आणि दुसरा कोरडा राहायचा. निसवणीच्या, म्हणजे घड बाहेर पडण्याच्या वेळी केळीला पाण्याचा ताण बसला तर घड लहान राहतो, हे मला कोणी शिकवायची गरज नव्हती, तरी वॉलची वेळ टळायची. पहाटे लाईट गेल्यावर घरी येऊन आडवं व्हावं तर डोळे मिटूनही चित्रं चालूच. दिवसभर मान आखडलेली, मजुरांवर विनाकारण आवाज चढलेला. आजी म्हणायची, "त्या डबडामा काय देखस रे रातदिन?" तिला उत्तर देता यायचं नाही, कारण रात्री काय पाहिलं ते सकाळी मलाच आठवायचं नाही.

सेटिंगमध्ये 'डिजिटल वेलबीइंग' नावाची जागा असते, तिथे कुठल्या अ‍ॅपवर किती वेळ गेला ते दिसतं. माझी समजूत होती की आपला वेळ भावात आणि हवामानात जातो. भावाला लागत होती काही मिनिटं. उरलेले तास भलतीकडेच होते. एक गोष्ट मात्र तिथे दिसत नाही, ती माझी मला उमजली. भावाचा मेसेज ग्रुपवर कोण टाकेल, कधी टाकेल याचा नेम नसतो. म्हणून मोबाईल पुन्हा पुन्हा उघडला जातो, आणि उघडला की माणूस भाव पाहून परत येत नाही, पुढे कुठेतरी वाहत जातो. कामाचं आणि बिनकामाचं यांचं दार एकच आहे, खरी गोम ती आहे.

मग उपाय सुरू झाले. अ‍ॅपला वेळेची मर्यादा लावली. वेळ संपली की अ‍ॅप बंद होतं, पण मर्यादा लावणारा मीच आणि काढणाराही मीच, दोन बोटांचं काम. इन्स्टाग्राम काढून टाकलं तर तसलीच रील फेसबुकवर दिसायला लागली. कुणीतरी सांगितलं, स्क्रीन काळी-पांढरी करा, रंग गेला की ओढ जाते. यात तथ्य आहे, रील खरंच बेचव लागते. पण एका रात्री शेजाऱ्याने पानाचा फोटो पाठवला, "हे सीएमव्ही आहे का बघ." सीएमव्ही म्हणजे केळीवरचा कुकुंबर मोझॅक रोग, तो ओळखायचा पानावरच्या पिवळट पट्ट्यांवरून, आणि माझ्या स्क्रीनवर सगळी केळी राखाडी! रंग परत आणले. हा उपाय शहरात बसून काम करणाऱ्यांनी अवश्य करावा, शेतकऱ्याने जपून.

ग्रुपांचं प्रकरण मात्र उपायांच्या पलीकडचं होतं. माझ्या मोबाईलवर ग्रुप किती होते ते सांगायला लाज वाटते. खतवाल्याचा, बियाणेवाल्याचा, दोन पक्षांचे तीन, कॉलेजचा, सत्संगाचा, गावाचा, गल्लीचा आणि भाऊबंदकीचा. बिनकामाचे कुठले हे ठरवायला मी एक साधी कसोटी लावली: इथे आलेली गोष्ट कोणी पाहिली आहे का, की नुसती पुढे ढकललेली आहे? ही कसोटी मला आमच्या शेजारच्या जिल्ह्याने शिकवली. १ जुलै २०१८ ला, धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातल्या राईनपाडा गावात, आठवडे बाजाराच्या दिवशी, मुलं पळवणारी टोळी समजून पाच जणांना जमावाने ठेचून मारलं. बहुतेक सोलापूर जिल्ह्यातून आलेली, भिक्षा मागून पोट भरणारी नाथपंथी डवरी गोसावी समाजाची माणसं होती ती. मुलं पळवणाऱ्यांच्या अफवा तेव्हा मोबाईलवरून गावोगाव फिरत होत्या, आमच्या गावच्या ग्रुपवरही होत्या. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा आणली. मर्यादा आली, ग्रुप तेच राहिले. कसोटी लावल्यावर केळीचे दोन आणि मुलीच्या शाळेचा एवढे सहज पास झाले. राजकारणाचे सगळे नापास.

बाहेर पडायला सुरुवात केली. २०२२ पासून ग्रुप सोडला तर फक्त अ‍ॅडमिनला कळतं, सगळ्यांना सूचना जात नाही. कागदावर छान आहे. आमच्याकडे अ‍ॅडमिन म्हणजे चुलत काका, त्यामुळे संध्याकाळपर्यंत साऱ्या भाऊबंदकीला बातमी. काकांचा फोन आलाच, "काब्र रे भाऊ, ग्रुपमाईन निंघी गया? कोना राग ऊना का?" राग नाही, झोप येत नाही, असं सांगितलं तर त्यांना ते पटेना. शेतीच्या वाटणीवरून काही मनात आहे का, असा प्रश्न त्यांनी आडून विचारलाच. खान्देशात माणूस गप्प बसला तर चालतं, उठून गेला तर चालत नाही. मी पुन्हा ग्रुपात आलो, फक्त आवाज बंद करून संग्रहात टाकला.

त्याचा फटका बसला. आत्याच्या सासरकडे एक जण वारले, निरोप ग्रुपवर होता, मी पाहिला नाही. भेटायला दारावर जायचं राहिलं आणि गंधमुक्तीचा विधीही होऊन गेला. आत्या अजून बोलते, पण तोलून मापून. आता घरात ठरलंय की ग्रुपवर दुःखाची बातमी आली तर बायको मला हाक मारते किंवा फोन करते. तिचं म्हणणं, "म्हणजे तुमचं सुटलं आणि माझ्या गळ्यात पडलं." खरं आहे तिचं. त्यावर मी अजून काही तोडगा काढलेला नाही. तिला दिवसभर तो ग्रुप पाहावा लागतो.

खरा फरक पडला तो बटणाच्या मोबाईलने. दुसरं सिम घेतलं, साधा मोबाईल घेतला आणि रात्रीच्या पाळीला तोच मळ्यात न्यायला लागलो. हा नंबर घरच्यांना, वायरमनला आणि कापणीच्या मुकादमाला, बाकी कोणाला नाही. मोठा मोबाईल घरी चार्जिंगला. पहिले काही दिवस वाईट गेले. हात आपोआप खिशाकडे जायचा, बटणं दाबून काहीच हाती लागायचं नाही, चिडचिड व्हायची. एकदा चक्क त्यावरचा सापाचा खेळ खेळत बसलो. मग आकाशवाणी जळगाव लावायला लागलो, अलार्म लावून डुलकी काढायला लागलो. अलार्म वाजला की उठतो, वॉल बदलतो, बॅटरी घेऊन एक फेरी मारतो. फेरी मारल्यामुळे फुटलेल्या नळ्या रात्रीच सापडतात, रानडुकरांनी कुंपण कुठून उकरलं ते कळतं. शेजारचा माणूस अजून त्याच्या खाटेवरून उठत नाही, तो भाग वेगळा. एकदा म्हणाला, "तू साधू झाला का?" मी साधू नाही. दुपारी जेवल्यावर अजूनही यूट्यूब पाहतो, कुस्त्या पाहतो, आणि कधी कधी तासभर जातो. पण झोप परत आली आणि मानेचं दुखणं कमी झालं, हे डॉक्टरकडे न जाता झालं.

मुलांचं वेगळंच. सांगली जिल्ह्यात मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ पासून संध्याकाळी सातला भोंगा वाजवून दीड तास टीव्ही-मोबाईल बंद ठेवायला सुरुवात केली. मी ते आमच्या पारावर बोलून पाहिलं. एक जण म्हणाला, भोंगा कशाला, लाईट जातेच. हसण्यावारी गेलं. घरापुरतं मी जेवताना सगळ्यांचे मोबाईल फ्रिजवर ठेवायचं सुरू केलं. मुलगी नववीत आहे. तिचा पहिला प्रश्न होता, "पप्पा, भावाचा मेसेज आला तर?" तिला माहीत होतं की कुठे बोट ठेवायचं. भावाचा मेसेज जेवणानंतर पाहिला जातो.

हिवाळ्यात मळ्यावर भरीत पार्टी केली. वांगी भाजून झाली, मिरची-कांद्याची पात पडली, कळण्याच्या पुऱ्या निघाल्या, आणि पाहुण्यांतले निम्मे आधी शूटिंग करायला लागले. "थांबा, थांबा, वाफ येऊ द्या पुन्हा!" मी थांबलो नाही, वाढून घेतलं.

तोटा झालाच नाही असं म्हणणार नाही. मागच्या हंगामात संध्याकाळचा मेसेज पाहिला नाही, सकाळी जुन्या भावाने गाडी भरू दिली आणि नंतर कळलं की भाव वाढले होते. हिशोब केला, रक्कम लहान नव्हती. तेव्हापासून धानोऱ्याचा एक मित्र भावात हालचाल झाली की बटणाच्या मोबाईलवर फोन करतो, मी त्याला मजुरांचं कळवतो. मुकादमाची तक्रार तेवढी बाकी आहे. त्याला घडाचा फोटो आणि शेताचं लोकेशन हवं असतं, आणि रात्री दहानंतर ते माझ्याकडून मिळत नाही. या महिन्यात कांदेबाग केळीची कापणी आहे, मग तो स्वतः येऊन घड पाहून जाईल म्हणाला.