अण्णांची वही आणि २६ जानेवारीची पूजा

लालबाग-परळ भागात २६ जानेवारीला सकाळी फेरी मारली तर चाळीचाळीत मांडव दिसतो. हक्काची सुट्टी, म्हणून कोकणातल्या किती तरी गावांच्या मुंबई मंडळांनी आपला सत्यनारायण या तारखेला बांधून टाकलेला. आपल्या मंडळाची पूजाही त्याच दिवशी, आणि ती आठवायची म्हणजे राजापूरचे अण्णा आठवायचे.

अण्णा मुंबईकर कधीच झाले नाहीत. पेठेत किराणा दुकान, घरी काकी आणि तीन मुली. पावसाळ्यात अर्जुना-कोदवलीचं पाणी पेठेत शिरायच्या आत खालच्या गोणी माळ्यावर चढवायच्या, त्यात काकी आणि मुली बरोबरीने हात लावत. पण २४ तारखेच्या रात्री अण्णा एसटीत बसले नाहीत असं वर्ष गेलं नाही. कोकण रेल्वे १९९८ साली नेमकी २६ जानेवारीलाच सुरू झाली, तरी त्यांची एसटी सुटली नाही. राजापूर रोड स्टेशन गावापासून एवढं लांब, की ओझं घेऊन तिथवर जाण्यापेक्षा पेठेतून थेट लालबाग गाठलेलं बरं, हा त्यांचा हिशेब.

आणि ओझं तरी केवढं! गावातल्या घरोघरच्या पिशव्या त्यांच्याकडे जमत. कुळथाचं पीठ, लाल पोहे, आमसुलं, एखादी आगळाची, म्हणजे कोकमाच्या खारवलेल्या रसाची, बाटली. बाटली गळ्यापर्यंत भरलेली असेल तर अण्णा ती परत पाठवत. मीठ कमी पडलेलं आगळ आंबतं, प्रवासात बूच उडतं, आणि मग सगळ्यांचे पोहे आंबट. पिशव्यांवर चिठ्ठ्या लावायच्या नाहीत, कारण आमसुलांच्या ओलीने शाई फुटते. त्याऐवजी प्रत्येक घराची एक ठरलेली चिंधी, मुलींच्या जुन्या परकरांची. जांभळी चिंधी म्हणजे वरची वाडी, पिवळी म्हणजे देवळाशेजारचं घर. पुढे मुलींनी परकर सोडले तरी चिंध्या तेवढ्या टिकल्या.

सोबत एक लांबट, कापडी पाठीची वही. दर वर्षाच्या पानावर पहिली ओळ एकच: ‘टोप, कल्हई पाहणे.’ मग प्रसाद. सव्वा किलो रवा, तेवढीच साखर, तेवढंच तूप, सव्वातीन लिटर दूध, डझनभर केळी. एवढ्यात शंभर-सव्वाशे द्रोण भरतात. माणसं पाचशे धरली तर चार घाणे. पाच किलोंचा एकच घाणा घालू म्हणणाऱ्या हौशी पोरांना अण्णा मोठा झारा हातात देत आणि गप्प उभे राहत. तळाचा रवा करपतो, वरचा कच्चा राहतो आणि मधल्याला हात पोचत नाही, हे पाचच मिनिटांत ज्याचं त्याला कळे.

तूप पाव किलो बाजूला काढून ठेवायचं, ते शेवटी कडेने सोडायला. उरलेल्यात रवा मंद आचेवर वीसेक मिनिटं, झाऱ्यावरून सुटा घरंगळेपर्यंत. मग केळ्यांच्या चकत्या तुपातच विरघळवायच्या आणि त्यावर उकळतं दूध. दूध कोमट असेल तर गुठळ्या झाल्याच म्हणून समजा. साखर अगदी मागाहून. रवा फुलायच्या आत ती पडली तर तो पुढे फुलतच नाही, दाताखाली कचकचतो. बहुतेक मंडळांचा शिरा इथेच बिघडतो आणि दोष रव्याला मिळतो.

पंगतीला काळ्या वाटाण्याची आमटी. शंभर पानांना पाच किलो वाटाणे, आदल्या रात्री भिजलेले, बारा तास तरी. थंडी असेल तर कोमट पाण्यात. सोडा नाही. मीठ आणि आमसुलं वाटाणा बोटाने चिरडला गेल्यावरच, आधी घातली तर तो दडदडीत राहतो. भाजलेल्या कांदा-खोबऱ्याचं वाटण मात्र अण्णा कुणाच्या हाती देत नसत, आणि खरं सांगायचं तर थोडं तिखटच करत.

संध्याकाळी बायकांचं हळदीकुंकू, मुलांना वह्या, जमाखर्चाचं वाचन. एखाद्या वर्षी हात सैल असला की परळच्या दामोदर नाट्यगृहात शक्ती-तुऱ्याचा, म्हणजे दोन शाहिरांच्या सवाल-जवाबी गाण्यांचा, सामना होत असे. वह्या वाटताना अण्णा मुलाला इयत्ता विचारत नसत, त्यांना ती पाठ असे. तीन मुलींच्या बापाची सवय, गावच्या शंभर पोरांना पुरली. पावतीची स्थळप्रत फाटली असेल तर मात्र खजिनदाराची धडगत नसे.

वहीतलं १९८२ चं पान वेगळं आहे. गिरण्यांचा संप १८ जानेवारीला सुरू झाला, पूजा आठच दिवसांवर. त्या पानावर वर्गणीचा रकाना कोराच आहे. पंगत नाही, एकच घाणा, आणि खाली ‘तांदूळ दोन गोणी, वाटल्या’. कुणाला वाटल्या ते लिहिलेलं नाही. एरवी बुचाच्या बाटलीचीसुद्धा नोंद करणारा हा माणूस! संप लांबला तशी कितीतरी बिऱ्हाडं गावी परतली. त्यांतल्या काहींची उधारी राजापूरच्या दुकानात बरीच वर्षं चालली, पण त्या उधारीची वही काकींनाही कधी सापडली नाही.

अण्णा गेले त्याला दोन वर्षं झाली. पिशव्या आता थोरली मुलगी घेऊन येते, रेल्वेने, चिंध्या त्याच. मागच्या पूजेचं पान तिच्या अक्षरात आहे. दूध सव्वातीनऐवजी साडेतीन लिटर लिहिलंय, हल्लीचा रवा जास्त पितो म्हणून. तिचं बरोबर आहे, शिरा मऊ झाला होता.

पहिली ओळ मात्र यंदा नुसती ओळच राहिली आहे. मोठ्या टोपाच्या तळाला दोन ठिकाणी पितळ उघडं पडलंय, त्यात आमटी ठेवली तर कळकणार. पूर्वी कल्हईवाला भाता, कथील आणि नवसागर घेऊन चाळीच्या दारात बसायचा. आता तो शोधावा लागेल, आणि पूजेला तीन आठवडे उरलेत. कुणाच्या माहितीत असेल तर टोप त्याच्याकडे नेऊन टाका, जाताना झाकणही न्या.