गोळी हरणाला लागली होती

खोक्याचं झाकण उघडलं तरी तो उडालाच नाही.

व्हिडिओ अमेरिकेतल्या मिनेसोटातला, उपचार करून बरा केलेला बाल्ड ईगल हा गरुड सोडतानाचा. पांढरं डोकं बाहेर काढून आधी इकडे पाहिलं, मग तिकडे. पिवळ्या पंजाने खोक्याची कड घट्ट धरलेली. आणि मग एकदम झेप! तेवढंच मी चार वेळा मागे नेऊन पाहिलं.

शेजारी आई मेथी निवडत होती. "काय झालं होतं गं त्याला? गोळी लागली होती का?"

"नाही. गोळी हरणाला लागली होती."

तिचा हात थांबला. मग सांगितलं तिला. शिकारी हरणाची आतडी रानातच टाकून जातात. त्यात शिशाच्या गोळीचे बारीक कण असतात, आणि गरुड ती खातो. तांदळाच्या दाण्याएवढा तुकडाही जीव घेऊ शकतो. मान लुळी पडते, पंजे आवळले जातात, उभंसुद्धा राहवत नाही.

१९६३ मध्ये अलास्का वगळता अमेरिकेत या गरुडाच्या जेमतेम ४१७ जोड्या उरल्या होत्या. १९७२ मध्ये त्याच्या मुळावर उठलेल्या डीडीटी या कीटकनाशकावर बंदी आली, माणसांनी जीव लावून त्याला परत आणलं. आणि २०२२ च्या एका अभ्यासात तपासलेल्या जवळपास निम्म्या गरुडांच्या हाडांत शिसं मुरलेलं सापडलं.

"मग दुसरी गोळी मिळत नाही का?"

मिळते ना, आई. तांब्याची. आजही मिळते.

रात्री तिने परत फोन मागितला. "तो उडतो ना, तेवढंच दाखव."

नोव्हेंबरात परत शिकारीचा हंगाम. तेव्हा तो काय खाईल?