दोन्ही चाव्या घरात आणि गाडी गायब

सकाळी वर्कशॉपचं शटर नुकतंच वर केलं होतं तेवढ्यात एक काका आले, दोन चाव्या माझ्या टेबलावर ठेवल्या आणि म्हणाले, "रात्री गाडी गेली, चाव्या दोन्ही माझ्याकडेच आहेत, आता खरं सांगा, तुमच्यातल्या कुणी तिसरी चावी बनवली का?" पोटात गोळाच आला, कारण चाव्या प्रोग्राम करायचं काम माझंच. मागच्या सर्व्हिसिंगचा स्कॅन रिपोर्ट काढला, त्यात दोनच चाव्यांची नोंद होती, तरी काकांचा चेहरा काही बदलेना.

मग त्यांनी मोबाईलवर सीसीटीव्ही दाखवला. एक जण घराच्या दाराला चिकटून उभा, हातातली बॅग दाराच्या कडेने हळूहळू फिरवतोय, दुसरा गाडीच्या हँडलजवळ. इंडिकेटर लुकलुकले, दार उघडलं, गाडी गेली. काच फुटली नाही, अलार्म वाजला नाही, सगळं मिळून मिनिटभरसुद्धा नाही. मी विचारलं, "काका, चावी कुठं असते?" "दाराशेजारी, खुंटीला."

तिथंच उलगडा झाला. कीलेसमध्ये, म्हणजे चावी खिशातच ठेवून दार उघडतं आणि गाडी सुरू होते त्या सोयीत, गाडी चावीला हाक मारते, ती साधारण १२५ किलोहर्ट्झवर, मुद्दाम मीटर-दीड मीटरच पोचेल अशी, आणि हाक ऐकू आली की चावी आपणहून उत्तर देते. हँडलजवळच्या चोराने ती हाक उचलली आणि दारापाशी बॅग फिरवणाऱ्याने ती खुंटीवरच्या चावीपर्यंत पोचवली. कोड तोडायचा प्रश्नच नाही, चावी खरी, उत्तर खरं, फक्त अंतर खोटं. झ्युरिकच्या ईटीएच विद्यापीठातल्या संशोधकांनी २०११ मध्येच ८ कंपन्यांची १० मॉडेल्स अशी फसवून दाखवली होती. आणि एकदा सुरू झालेलं इंजिन चावी लांब गेली म्हणून बंद पडत नाही, भर रस्त्यात बंद पडलं तर जिवावर बेतेल म्हणून तसं ठेवलेलं असतं. आता काही नव्या गाड्या अल्ट्रा वाइडबँड नावाच्या रेडिओ तंत्राने सिग्नलला लागलेला वेळ मोजतात, १ नॅनोसेकंदात सिग्नल जेमतेम ३० सेंटीमीटर जातो, त्यामुळे लांबून आणलेली हाक पकडता येते, पण रस्त्यावरच्या जुन्या गाड्यांचं काय?

काका शांतपणे म्हणाले, "गाडी घेताना हे कुणी सांगितलं नाही हो." हे फार लागलं मला. किती जणांना मी स्वतः कौतुकाने सांगितलंय, खिशातून चावी काढायचीच गरज नाही म्हणून.

दुपारी एका ताईंची गाडी द्यायची होती. सिग्नल अडवणाऱ्या पाऊचमध्ये चावी टाकून त्यांनाच हँडल ओढायला लावलं, दार ढिम्म. चावी बाहेर काढली, खट्‌कन उघडलं. मग सेटिंगमध्ये कीलेस बंद कसं करायचं तेही दाखवलं. त्यांच्या कडेवर बाळ होतं, दुसऱ्या हातात पिशवी. म्हणाल्या, "दादा, बंद नका करू, मला याचा खरंच उपयोग आहे." मी चालूच ठेवलं आणि पाऊच त्यांच्याकडे दिला, "घरात शिरलात की आधी चावी यात, आणि दुसरी चावीसुद्धा."