अतिवृष्टी, भराव आणि नियंत्रण कक्षाची नोंदवही

रुळांखालून पाणी जाण्यासाठी असलेल्या मोरीलगतचा भराव वाहून गेल्यामुळे मालगाडी रुळांवरून घसरली होती आणि त्या अपघाताच्या चौकशी समितीला मी तांत्रिक साहाय्य करीत होतो. साक्षींच्या दिवशी रेल्वेच्या वकिलांनी आरंभीच सांगितले, की एवढा पाऊस पूर्वी कधी नोंदलाच गेलेला नसल्याने ही निव्वळ नैसर्गिक आपत्ती आहे आणि तिचे उत्तरदायित्व कोणावरही येत नाही. पर्जन्यमापकाच्या नोंदी मी स्वतः पडताळल्या होत्या. पावसाबद्दल त्यांचे म्हणणे खरे होते.

प्रश्न नोंदवहीचा होता. हवामानाचा इशारा गाडी सुटण्याच्या बऱ्याच आधी नियंत्रण कक्षात पोहोचल्याचे तीत स्पष्ट लिहिले होते, परंतु त्यापुढे रुळांवरील गस्त वाढवल्याची किंवा वेग कमी करण्याची कॉशन ऑर्डर काढल्याची नोंद नव्हती. कंट्रोलर म्हणाले, आदेश अभियांत्रिकी विभागाने द्यायला हवा होता, विभागाचे अधिकारी म्हणाले, खबर गस्तवाल्याकडून यायला हवी होती, आणि गस्तवाल्याने शांतपणे सांगितले, "साहेब, त्या रात्री मला कुणी बोलावलंच नाही." तिघांचेही म्हणणे आपापल्या नियमपुस्तिकेला धरून होते, हे विशेष.

पावसाने भराव नेला, पण गाडीला पूर्ण वेगाने तिथवर पावसाने आणले नव्हते. हा भेद पटवण्यासाठी मी स्कॉटलंडमधील कारमाँटचा दाखला दिला. १२ ऑगस्ट २०२० रोजी तेथे मुसळधार पावसानंतर पाण्याच्या निचऱ्यासाठीच्या चरातली खडी वाहून तिचा ढिगारा रुळांवर आला आणि ताशी सुमारे ११७ किलोमीटर वेगाने आलेली प्रवासी गाडी त्यावर आदळून तिघे दगावले. वेग कमी ठेवायचा का, असे चालकाने सिग्नल कर्मचाऱ्याला आधीच विचारले होते आणि त्याला नेहमीचा वेग चालेल असे उत्तर मिळाले होते. तो निचरा-चर मूळ आराखड्याप्रमाणे बांधलेला नव्हता, असे तपासात आढळले. तेथील रेल्वेमार्ग सांभाळणाऱ्या नेटवर्क रेल या संस्थेने २०२३ मध्ये न्यायालयात दोष कबूल केला आणि तिला ६७ लाख पौंडांचा दंड झाला.

त्यानंतर आमच्या मोरीचा तपासणी अहवाल मागवण्यात आला. 'गाळ काढणे आवश्यक' असा शेरा त्यात होता, मात्र काम झाल्याची सही नव्हती. वकिलांनी तो कागद बराच वेळ वाचला आणि पावसाच्या आकड्यांचा मुद्दा पुन्हा मांडला नाही. इशारा येताच वेगमर्यादा लावण्याचा अधिकार थेट कंट्रोलरकडे असावा, अशी शिफारस समितीने केली. नुकसानभरपाईचा दावा स्वतंत्रपणे चालू राहिला.