दहा चाकीचे इंजिन आणि एक फाटका होज

साखर कारखान्यांचा पट्टा पडला, म्हणजे गाळप हंगाम संपला, की आमच्या कोल्हापूरच्या गॅरेजसमोर गाड्यांची रांग लागते. हंगाम चालू असताना कोणताही मालक गाडी एक दिवससुद्धा उभी करू देत नाही; इंजिन ऑइल पिऊ लागले, निळा धूर सोडू लागले, तरी शेवटची खेप टाकेपर्यंत ती गाडी पळवली जाते. यंदा एप्रिलमध्ये आलेली २५१५ ही दहा चाकी गाडी त्यांतलीच. हिवाळ्यात ऊस आणि उरलेले वर्षभर क्रशरवरची खडी, असा तिचा दिनक्रम. ब्रीदरच्या नळीतून वाफेच्या इंजिनासारखे बॅक कॉम्प्रेशन (रिंगांवरून खाली गळणारा वायू) येत होते, दिवसाला दीड-दोन लिटर ऑइल घालावे लागत होते आणि चढाला तिसरा गिअरसुद्धा जड जात होता.

यात नवल काहीच नव्हते. नवल होते ते मालकांच्या पुढच्या वाक्यात. "मेस्त्री, चौदा महिन्यांपूर्वीच रिंगा आणि बेअरिंगं टाकल्यात की हो. परत तेच काम निघतंय म्हणजे काय?" ते काम दुसरीकडे झाले होते, कोठे, हे मी विचारले नाही. मात्र त्यांना एवढे सांगितले की, "अण्णा, नवे सामान आत घालायचं की नाही ते नंतर बघू, आधी जुनं कशानं झिजलं ते बघू."

या गाडीत कमिन्सचे ५.९ लिटरचे सहा सिलिंडरचे इंजिन आहे. बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, १०२ मिमी आणि स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची खाली-वर धाव, १२० मिमी. ही बी मालिका कमिन्सने १९८४ साली बाजारात आणली, पुढे १९९३ साली टाटांबरोबर भागीदारी झाली आणि जमशेदपूरला ही इंजिने तयार होऊ लागली. आता आपल्या फलटणलाही त्यांचा कारखाना आहे. या इंजिनाची एक गोष्ट मालकांना पहिल्यांदाच समजावून सांगावी लागते, ती म्हणजे यात मुळात लायनर, म्हणजे सिलिंडरमधल्या बदलता येणाऱ्या नळ्या, नाहीत. पिस्टन थेट ब्लॉकच्या बिडातच फिरतो. त्यामुळे झिजलेला लायनर ठोकून काढला आणि नवा बसवला, असे येथे करता येत नाही. ब्लॉक मोठा बोअर करून ०.५० मिमी मोठे पिस्टन घालायचे, पुढच्या वेळी १.०० मिमी मोठे, आणि त्यानंतर मात्र दुरुस्तीची स्लीव्ह बसवण्यावाचून गत्यंतर नसते. म्हणजे ब्लॉकच्या आयुष्यात मोजक्याच संधी असतात, आणि त्यांतली एक संधी कारण न शोधता खर्च करणे मला पटत नाही.

इंजिन उतरवून, हेड आणि चेंबर (खालचे ऑइलचे भांडे) काढून पिस्टन बाहेर घेतले, तेव्हा पहिल्या कामाचा उलगडा झाला. बोअर स्टँडर्डच होते. ते न मोजता, हाताने थोडे होनिंग करून, म्हणजे भिंत दगडाने घासून, त्यातच नव्या रिंगा ढकलल्या होत्या. डायल गेज लावून प्रत्येक सिलिंडर वर, मध्ये आणि खाली, क्रँकच्या समांतर आणि आडवा असा मोजला. मॅन्युअलची कमाल मर्यादा १०२.११६ मिमी आहे. आमचे सहाही सिलिंडर वरच्या टोकाला १०२.१७ ते १०२.२१ यांच्या दरम्यान निघाले, तर खाली, जेथे रिंग पोहोचतच नाही, तेथे जवळपास नव्यासारखे होते. झीज नेहमी वरच जास्त असते, कारण पिस्टन तेथे क्षणभर थांबतो, ऑइलचा पापुद्रा तुटतो, आणि नेमक्या त्याच वेळी जळत्या वायूचा सगळा दाब रिंगेच्या पाठीमागे शिरून तिला भिंतीवर दाबत असतो. त्यात धूळ मिसळली की रिंग ही पॉलिश पेपर घासल्यासारखे काम करते.

धुळीचा संशय पक्का झाला तो रिंगेच्या गॅपवरून, म्हणजे तिच्या दोन टोकांमधल्या फटीवरून. वरची रिंग बोअरमध्ये सरळ बसवून फीलर गेज घातला तर गॅप २.३ मिमीच्या आसपास आला. नव्या रिंगेला तो साधारण अर्धा मिमी असतो. आता हिशेब करून पाहावा. व्यास ०.१९ मिमी वाढला तर परीघ त्याच्या सव्वातीन पटीहून थोडा कमी, म्हणजे ०.६ मिमी वाढतो, आणि गॅपही तेवढाच. म्हणजे बोअरच्या झिजेमुळे गॅप १.१ मिमीपर्यंत पोहोचेल. उरलेला १.२ मिमी कोठून आला? तो रिंगेच्या स्वतःच्या तोंडाच्या झिजेतून आला. चहूबाजूंनी सुमारे ०.२ मिमी धातू गेल्याशिवाय एवढा फरक पडत नाही. चौदा महिन्यांच्या रिंगेला हे शोभत नाही. तिच्या तोंडावरची चकाकी जाऊन ते राखाडी, निस्तेज झाले होते. डिझेल फवारणारे एखादे नोझल टपकत असते तर डिझेलने ऑइल धुऊन निघाले असते आणि एकदोन सिलिंडरांनाच उभे ओरखडे दिसले असते. येथे सहाही सिलिंडर एकसारखे झिजले होते. सहाही जणांना सारखीच मिळणारी वस्तू एकच, ती म्हणजे हवा.

म्हणून इंजिनात हवा दाबून भरणारा टर्बो हातात घेतला. हवा ओढणाऱ्या चाकाच्या पात्यांच्या कडा वाळूने घासल्यासारख्या बोथट झाल्या होत्या. एअर क्लीनरपासून टर्बोपर्यंतच्या पाइपमध्ये पांढरे फडके फिरवले, तर ते खडीच्या रंगाचे होऊन बाहेर आले. फिल्टर तसा नवा होता, परंतु फिल्टरच्या पुढचा रबरी होज क्लॅम्पखाली, जमिनीच्या बाजूने, दोन बोटे फाटलेला होता. तो जागेवर असताना दिसत नव्हता. काढून वाकवल्यावरच त्याने तोंड उघडले. काही शे रुपयांच्या त्या रबराने दोन वेळा इंजिन खाल्ले होते. शिवाय फिल्टर टायरवर आपटून साफ करण्याची गाडीवरच्या क्लीनर पोराची पद्धतही होतीच. त्याने फिल्टरचा कागद आणि कडेचे सील दोन्ही खराब होतात, हे मी त्याला दरवेळी सांगतो, आणि तोही दरवेळी मान डोलावतो.

कारण सापडल्यावर बाकीचे काम सरळ होते, अर्थात सरळ म्हणजे सोपे नव्हे. पिस्टन आधी विकत आणले आणि मगच ब्लॉक उद्यमनगरात बोअरिंगला पाठवला, कारण मी पिस्टन हातात असल्याशिवाय बोअर लावू देत नाही. पिस्टनच्या खोक्यावर साइज लिहिलेला असला तरी बोअरिंग करणाऱ्या मेस्त्रींनी प्रत्येक पिस्टन मायक्रोमीटरने मोजून, त्यावर सिलिंडरचा नंबर टाकून, त्या त्या पिस्टनप्रमाणे बोअर करावा, अशी माझी अट असते. मेन कॅप, म्हणजे क्रँकला धरणाऱ्या टोप्या, पूर्ण टॉर्कवर आवळून मगच बोअरिंग करावे, हीसुद्धा एक अट. हे मेस्त्री जुने, त्यांना सांगावे लागत नाही. तरी मी सांगतो आणि ते हसतात.

क्रँकच्या मेन जर्नलना, म्हणजे बेअरिंगमध्ये फिरणाऱ्या गोल भागांना, फक्त पॉलिश पुरले. रॉडकडची जर्नले मात्र ६९ मिमीच्या जागी ६८.९४ पर्यंत आली होती आणि मर्यादा ६८.९६२ आहे, त्यामुळे सहाही जर्नले ०.२५ ने कमी करून घेतली. ०.२५ मिमी म्हणजे इंचाचे दहा हजारांश, म्हणून आमच्या भाषेत क्रँक दहाला गेला. ग्राइंडिंगमध्ये माझे लक्ष मापापेक्षा कोपऱ्यातल्या गोलाईवर जास्त असते. जर्नल आणि वेब जेथे मिळतात तेथील गोलाई ग्राइंडिंगच्या चाकाने खाल्ली आणि कोपरा चौकोनी झाला, तर माप अचूक असूनही क्रँक तेथेच तुटतो. हेडला गाईड आणि व्हॉल्व्ह नवे बसवले, सीट कापल्या. व्हॉल्व्ह सीटांच्या मधल्या पुलावर या हेडला चीर जाण्याची खोड असते, म्हणून पाण्याच्या दाबावर तपासून घेतले. चीर नव्हती.

सर्वांत जास्त वेळ मी धुण्यावर घालवला, आणि याच कामाची गॅरेजमध्ये सर्वांत जास्त थट्टा होते. होनिंगनंतर बोअरच्या बारीक रेघांमध्ये घासणाऱ्या दगडाचा चुरा अडकून राहतो. डिझेलने धुतल्यास ब्लॉक चकचकीत दिसतो, पण तो चुरा निघत नाही. त्याला गरम पाणी, कपडे धुण्याची पावडर आणि ब्रश लागतो. पिस्टनच्या पोटावर ऑइल मारणारी बारीक नोझले या इंजिनात मेन बेअरिंगच्या बैठकीत असतात. तीही साफ करून फुंकून पाहावी लागतात. ऑइल गॅलरीचे प्लग काढून आत लांब ब्रश घातला. पांढरे फडके बोअरमधून पांढरेच बाहेर आले, तेव्हा लगेच ऑइल फासले, कारण ओले बीड पंधरा मिनिटांत गंज धरते. धूळ बाहेर ठेवण्यासाठी एवढा खटाटोप करून, तीच धूळ आपण आपल्या हाताने आत सोडली तर त्या होजला दोष देण्यात अर्थ नाही.

जोडणीबद्दल थोडेच सांगतो. टायमिंग गिअरच्या हाऊसिंगमधील डॉवेल पिन या जुन्या बारा व्हॉल्व्हच्या इंजिनात ढिली होऊन गिअरमध्ये पडू शकते आणि पडली तर पुढची केस फोडते. ती बाहेर येऊ नये म्हणून तिच्या तोंडावर बोल्टखाली पत्र्याची पट्टी आवळली. फायरिंग ऑर्डर १-५-३-६-२-४. टॅपेटची फट थंड इंजिनावर इनटेकला ०.२५ आणि एक्झॉस्टला ०.५० मिमी. टर्बो नवा घेतला, होज अर्थातच नवा घेतला आणि त्याचे क्लॅम्पही बदलले.

पहिल्यांदा चालू करण्यापूर्वी डिझेल बंद करणारा स्टॉप ओढून ठेवून, गेजवर ऑइल प्रेशर दिसेपर्यंत स्टार्टर मारला. चालू झाल्यावर इंजिन तासभर आयडलवर गुरगुरत ठेवण्याची अनेकांची पद्धत आहे. ती मला चुकीची वाटते. रिंगा भिंतीवर बसायला मागून दाब लागतो आणि दाब लोडशिवाय मिळत नाही. म्हणून गाडी गरम होताच निम्मा माल भरून निपाणीपुढचा तवंदी घाट चढवला. परत आल्यावर गरम इंजिनावर आयडलला ऑइल प्रेशर किमान ०.७ बार हवे, ते त्याच्या बऱ्याच वर होते. ब्रीदरच्या तोंडाशी धरलेला कागद जेमतेम हलत होता.

एवढे सगळे झाल्यावर आठव्या दिवशी ड्रायव्हरचा फोन आला, की क्लच हाऊसिंगखाली ऑइलचे थेंब पडत आहेत. या इंजिनाचे मागचे क्रँक सील पूर्ण कोरडे बसवायचे असते, ओठालाही ऑइल लागता कामा नये. इतर प्रत्येक सीलला ऑइल लावूनच बसवायची सवय असलेल्या आमच्या नव्या पोराने तेथेही बोट फिरवले होते आणि मी त्या वेळी टर्बोचे बोल्ट आवळत होतो. गिअरबॉक्स पुन्हा उतरवावा लागला. त्याची मजुरी अर्थातच मालकांना लावली नाही.